शेकोटी अपडेट: माती टाकली म्हणजे विझली असं नाही

या सीझनला पेटवायची प्रॅक्टिस बंद, फक्त विझवायची चालू आहे. वेल्ह्याकडे मित्राचं शेत आहे, त्याला विचारून, बाजूला पाण्याचा ड्रम भरून ठेवून आणि सगळीकडचं गवत काढून मगच करतोय. जंगलात करत नाही. राखीव जंगलाला धोका होईल अशी आग पेटवणं किंवा पेटती सोडून जाणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे, आणि हरिश्चंद्रगड, भीमाशंकर ही तर अभयारण्यं, तिथे शेकोटीचा विषयच काढू नका प्लीज.

आता मेन टेस्ट. दोन खड्डे केले. एक पार लाल मुरूम लागेपर्यंत खणलेला, दुसरा जुन्या वठलेल्या आंब्याशेजारी, जिथे वर्षानुवर्षं पाला कुजून वीतभर काळी भुसभुशीत माती झालीये. दोन्हीकडे तेच लाकूड, तेवढाच वेळ, आणि रात्री दोन्हीवर फक्त माती लोटली, बरेच ग्रुप गडावरून निघताना करतात तशी. सकाळी मुरमाच्या खड्ड्यावर हात ठेवला तर वरून गार, पण काठीने उकरलं तर खाली निखारे लालभडक. यात नवल नाही खरं तर, गावाकडे रात्री चुलीतला विस्तव राखेखाली झाकून ठेवायचे आणि सकाळी त्याच्यावरच चूल पेटवायचे, म्हणजे झाकलं की निखारा टिकतो हे आपल्या आज्यांना पक्कं माहीत होतं, आणि आपण तेच करून आग विझली समजून गड उतरतो!

आंब्याकडचा खड्डा जास्त डेंजर निघाला. धूर नाही, ज्वाळा नाही, पण खड्ड्यापासून हातभर लांब जमीन गरम लागत होती. खणलं तर एक मेलेलं मूळ आतून धुमसत पुढे गेलेलं. असं मूळ म्हणजे जमिनीतली वातच. धुमसायला हवा फार कमी लागते, कुजलेला पाला आणि मुळं हेच जळण, वरच्या मातीमुळे उष्णता आत कोंडून राहते, त्यामुळे हे हळूहळू कित्येक दिवस चालू शकतं आणि वाळलेल्या गवताशी पोचलं, वारा सुटला की वणवा. तोपर्यंत पेटवणारे घरी पोचून फोटो टाकून मोकळे. इंडोनेशियात २०१५ ला पीटची जमीन (म्हणजे दलदलीत साचलेला, अर्धवट कुजलेला झाडपाला) अशीच महिनोन्महिने जळत होती, पाऊस आला तेव्हा कुठे आटोक्यात आली. आपल्याकडे तसं पीट नाही पण देवराईतली माती बघा, पाय रुततो एवढा पाला कुजलेला असतो. तिथे काडीसुद्धा ओढू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सध्या जमलेली पद्धत अशी की मुरूम किंवा नुसती माती लागेपर्यंत उकरायचं, मूळ दिसलं की जागा बदलायची, आग छोटी ठेवायची आणि लाकूड मनगटापेक्षा जाड घ्यायचंच नाही, म्हणजे झोपायच्या आधी सगळं जळून राख होते आणि अर्धवट ओंडके उरत नाहीत. मग पाणी, ढवळणं, परत पाणी, चर्र आवाज पूर्ण थांबून चिखल होईपर्यंत. दगड उलटून त्यांच्या खाली पण ओतायचं. शेवटी तळहाताची मागची बाजू जवळ नेऊन बघायची आणि गरम नाही वाटलं तर बोटं खालपर्यंत घालायची. जरा जरी कोमट लागलं तरी परत पहिल्यापासून. ओढ्यातले ओले दगड चुलीला घेऊ नका, आतलं पाणी तापून ते फुटतात.

पाण्याचा हिशोब मात्र सगळ्यात अवघड. एवढुशा शेकोटीलाही बादलीभर पाणी आरामात जातं आणि फेब्रुवारीनंतर गडावरच्या टाक्यातलं पाणी प्यायलाच पुरत नाही, म्हणून मी ठरवलंय की विझवायचं पाणी बाजूला काढता येत नसेल तर गॅसचा छोटा स्टोव्ह न्यायचा, आणि थंडी वाजली तर अजून एक जॅकेट.

पुढची टेस्ट कोकणात मावशीच्या अंगणात, जांभ्यावर. दिसायला दगड असला तरी त्याच्या भोकांत आणि फटींत पाला, मुळं भरलेली असतात, तर त्यातून आग किती आत जाते ते बघायचंय.