वेग बघायचा की अंगावर घ्यायचा

मुंबईत रस्ता जितका वेगवान, तितकी तिथे बाईकवाल्याला बंदी ठरलेली. सी लिंकवर नाही, कोस्टल रोडवर नाही, अटल सेतूवर नाही, पुण्याच्या एक्स्प्रेसवेवर नाही, अगदी जेजे उड्डाणपुलावरसुद्धा नाही. कारवाला अटल सेतूवर चढला की २१.८ किलोमीटर विनासिग्नल, १०० च्या वेगाने. बाईकवाला त्याच वेळी वाशीच्या पुलावर ट्रकच्या मागे धूर खात असतो.

माझा भाचा पार्ल्याला राहतो, इंजिनीअरिंगला आहे. त्याचा मला एकच प्रश्न असतो. "मामा, तू जर्मनीत दोन्ही चालवतोस ना? खरं सांग, जास्त मजा कशात? बाईक की कार?" हे फोनवर दोन वाक्यांत सांगून होत नाही. त्याच्या वयाच्या आणखी कितीतरी मुलांच्या मनात हाच प्रश्न असणार, म्हणून सविस्तर लिहितोय. ताई, तूही वाच.

मी बॉनला राहतो, नोकरी कोलोनला. या दोन शहरांमधला रस्ता हा जर्मनीतला पहिला ऑटोबान, म्हणजे तिथला एक्स्प्रेसवे, मानला जातो. ६ ऑगस्ट १९३२ ला कोलोनचे तेव्हाचे महापौर कोनराड आडेनाउअर यांनी त्याचं उद्घाटन केलं. हेच पुढे पश्चिम जर्मनीचे पहिले चान्सलर झाले. आज त्याला ए ५५५ म्हणतात, लांबी जेमतेम २० किलोमीटर. इथला मला मनापासून आवडलेला नियम असा की ज्या वाहनाची ताशी ६० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने जाण्याची क्षमता आहे, ते ऑटोबानवर येऊ शकतं. चाकं दोन आहेत की चार, हे कोणी विचारत नाही.

ऑटोबान म्हणजे मन मानेल तसं पळवा, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. तसं नाही. बऱ्याच भागात वेगमर्यादा नाही हे खरं, पण १३० हा शिफारस केलेला वेग आहे, आणि त्याच्या वर असताना अपघात झाला तर समोरच्याची चूक असूनही जबाबदारीचा काही वाटा तुमच्यावर येऊ शकतो. शहराजवळ, काम चालू असेल तिथे मर्यादा असतेच. इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून उजवीकडून ओव्हरटेक करायचं नाही, डावीकडूनच. मागून जोरात येणाऱ्याला वाट द्यायची. हे सगळे जण पाळतात, म्हणूनच मर्यादा नसलेला रस्ता चालू शकतो.

आता कार. रविवारी इथे अवजड ट्रकना बंदी असते, त्यामुळे सकाळी रस्ता मोकळा मिळतो. अशा एका सकाळी मी पहिल्यांदा २०० चा आकडा पाहिला. आमची कार साधी, घरगुती, मागे सामानाला भरपूर जागा असलेली. १४० पर्यंत आत गप्पा चालू होत्या. १६० ला बायको बोलायची थांबली. १८० नंतर स्टीअरिंगवर माझी पकड आपोआप घट्ट झाली, आणि २०० ला सगळं लक्ष एकाच ठिकाणी गेलं: पार लांब, जिथे रस्ता बारीक होत जातो तिथे. समोर कोणी १२० ने चाललेला डावीकडच्या लेनमध्ये आला, तर दर सेकंदाला आपण त्याच्या २२ मीटर जवळ जातो. विचार करायला वेळ नसतो, विचार आधीच करून ठेवलेला असावा लागतो.

थरार होता, नक्कीच होता. पण तो जवळजवळ सगळा डोक्यातला थरार होता. पाठ सीटला टेकलेली, एसी चालू, कपातली कॉफी जागची हललेली नाही. २०० चा आकडा डोळ्यांनी वाचला आणि मेंदूने मानला. शरीराला त्याचा पत्ताच नव्हता.

बाईकवर हे ९० लाच कळतं.

माझ्याकडे यामाहाची एमटी-०७ आहे. ६८९ सीसी, दोन सिलिंडर, ७३ हॉर्सपॉवरच्या आसपास, वजन १८४ किलो. समोर काच नाही, वारा अडवणारं फेअरिंगचं कवच नाही. १०० च्या पुढे वारा छातीवर येऊन बसतो. १३० ला मान ताठ धरावी लागते, आणि बाजूने बस किंवा उंच व्हॅन गेली की तिच्या हवेचा फटका आधी खांद्याला बसतो, मग हँडलला. रस्त्यावरचा डांबराचा जोड पायांना कळतो. नदीवरचा पूल आला की हवा गार झालेली गुडघ्यांना आधी समजते. रस्त्यालगतच्या शेतात खत टाकलं असेल तर तो वास हेल्मेटमध्ये शिरतो. लोकलमध्ये खिडकीशी बसून केलेला प्रवास आणि दारात उभं राहून केलेला प्रवास, गाडी तीच, वेग तोच, तरी जो फरक आहे तोच हा फरक.

आकड्यांची गंमत भाच्याला आवडेल म्हणून सांगतो. पोर्शे ९११ टर्बो एस, २०२० साली आली ती, ६५० हॉर्सपॉवरची आणि सुमारे १,६४० किलोची. भागाकार करून बघ: एका किलोमागे तिला जेवढी ताकद आहे, जवळपास तेवढीच माझ्या मधल्या किमतीच्या बाईकला आहे. चालवणारा वर बसला की हिशोब कारच्या बाजूने झुकतो, कारण बाईकवर माणसाचं वजन फार मोठं ठरतं. आणि हजार सीसीच्या सुपरबाईककडे तर किलोमागे एक हॉर्सपॉवरहून जास्त ताकद असते. मग अशी बाईक पोर्शेच्या दुप्पट पिकअप घेते का? नाही. मूठ पूर्ण पिळली की पुढचं चाक उचलायला लागतं. बाईक उंच आणि आखूड, त्यामुळे इंजिनात ताकद असूनही एका हद्दीपुढे ती रस्त्यावर उतरवताच येत नाही. शून्य ते १०० दोघंही ३ सेकंदांच्या आगेमागेच. ब्रेकचंही तसंच, फक्त उलट: पुढचा ब्रेक जोरात दाबला की मागचं चाक हवेत.

आणि वळणावर तर कार बाईकला कितीतरी मागे टाकते. बार्सिलोनाच्या ट्रॅकवर फॉर्म्युला वनची कार एक फेरी सुमारे १ मिनिट १२ सेकंदांत मारते, मोटोजीपीची बाईक १ मिनिट ३८ सेकंदांच्या आसपास. सरळ रस्त्यावर मोटोजीपीची बाईक ३६६ पर्यंत गेलेली आहे, म्हणजे वेगात ती कुठे कमी नाही. पण कारला चार रुंद टायर आणि वरून दाबणारी हवा. बाईकच्या दोन टायरांचा मिळून जो भाग रस्त्याला टेकलेला असतो, तो दोन तळहातांएवढाही नाही. म्हणून "जास्त फास्ट काय" असं विचारलंस तर उत्तर कार. त्यात वाद नाही.

पण तू मजा विचारलीस. ती मला वळणावर सापडली.

बॉनच्या दक्षिणेला आयफेलचे डोंगर लागतात. जंगल, चढउतार, एकामागून एक वळणं. मे महिन्यात सुट्टीच्या दिवशी तिथल्या चहा-कॉफीच्या ठिकाणांबाहेर बाईक रांगेने उभ्या असतात. त्यांच्यात पन्नाशी-साठीची जोडपीही भरपूर. कार वळणावर वळवली की शरीर बाहेर फेकलं जातं आणि आपण सीटला धरून राहतो. बाईकवर उलट. आपण वळणाच्या आत झोपतो. उजवीकडे जायचं तर हँडलची उजवी मूठ हलकेच पुढे ढकलायची, बाईक उजवीकडे कलते आणि कलली की वळते. ऐकायला उलटं वाटतं, पण सायकल चालवणारा प्रत्येक जण हे नकळत करत असतो. ४५ अंशांत बाईक झोपली तर आपल्या वजनाइतकाच जोर आडवा लागत असतो, तरीही आपण कुठेच फेकले जात नाही. तो सगळा जोर सरळ सीटमध्ये उतरतो. पोटात एक खड्डा पडतो, कान शांत होतात, नजर वळणाच्या पलीकडच्या टोकावर असते, आणि टोक उघडलं की मूठ पिळत पिळत बाईक पुन्हा सरळ उभी करायची. हे सगळं ७० ते ८० च्या वेगात. कारमध्ये एवढी तीव्र जाणीव मला २०० लासुद्धा झाली नाही.

आयफेलमध्येच न्युर्बुर्गरिंगची नॉर्डश्लाइफ आहे. १९२७ साली सुरू झालेला, २०.८ किलोमीटरचा, डोंगरातून जाणारा ट्रॅक. ठरलेल्या दिवशी तिकीट काढून कोणीही आपली कार आत नेऊ शकतो. मी एका मित्राशेजारी बसून ती फेरी केली आहे. फुक्सरोर नावाच्या उतारावर कार तळाशी पोचते तेव्हा सगळं शरीर सीटमध्ये दाबलं जातं, आणि कारुसेलच्या काँक्रीटच्या तिरक्या वळणावर दात एकमेकांवर आपटतात. तिथे कारने मला पहिल्यांदा बाईकसारखा थरार दिला. वेगाने धावणाऱ्या कार आणि बाईक एकाच अरुंद रस्त्यावर असणं धोक्याचं आहे हे उघड आहे. २०२५ पासून या तिकिटाच्या फेऱ्यांना बाईकना बंदी झाली. बाईकवाल्यांसाठी वेगळी प्रशिक्षण शिबिरं मात्र होतात. बंदीचं मला वाईट वाटलं, पण पटलीही. तिथे फक्त दार बंद केलेलं नाही, शेजारी दुसरं दार उघडं ठेवलंय. हीच गोष्ट मला मुंबईत दिसत नाही.

इथलं बाईकचं लायसन्स मी पहिल्यापासून शिकून काढलं. जर्मन ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ठरलेले खास तास असतात: पाच गावाबाहेरच्या रस्त्यांवर, चार ऑटोबानवर, तीन अंधारात. त्याआधी आमच्या बाईंनी मला रिकाम्या पार्किंगमध्ये माणूस चालतो त्या वेगाने बाईक चालवायला लावली, कितीतरी वेळ. "हळू चालवता आली की जोरात आपोआप येते. उलटं कधीच होत नाही," असं त्यांचं म्हणणं. मग ५० च्या वेगातून पूर्ण ब्रेक, बाईक सरळ ठेवून. मग अडथळ्याला वळसा. लेखी परीक्षेत एक सूत्र हमखास विचारतात, ते भाच्याने पाठच करावं. वेगाला १० ने भाग आणि ३ ने गुण: ब्रेकवर पाय जाईपर्यंत कापलेलं अंतर. वेगाला १० ने भाग आणि त्याचा वर्ग कर: ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर, मीटरमध्ये. ५० ला १५ आणि २५, मिळून ४० मीटर. १०० ला ३० आणि १००, म्हणजे १३०. २०० ला ६० आणि ४००. जवळजवळ अर्धा किलोमीटर! करकचून ब्रेक मारला तर दुसरा आकडा निम्मा धरतात. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर अर्धा किलोमीटर रिकामा कधी बघितलाय?

बाबांची आरएक्स १०० मला अजून आठवते. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, टू-स्ट्रोकचा तो कडकडीत आवाज. दादरहून शिवडीला जाताना मी मागे बसायचो, हेल्मेट फक्त बाबांना. पोर्ट ट्रस्टच्या मोकळ्या रस्त्यावर ते ७० ला नेत आणि मला वाटे आपण उडतोय. वेगाचं वेड तिथूनच लागलं आणि ते वाईट आहे असं मला आजही वाटत नाही. पण त्या वेडाचं करायचं काय, हे आपण मुलांना शिकवत नाही. रात्री वांद्रे-कुर्ला संकुलात, मरीन ड्राइव्हला मुलं शर्यती लावतात, पोलीस पकडतात, बाईक जप्त होतात, आणि पुढच्या शनिवारी दुसरी मुलं येतात. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली, त्यातली ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती. आपले नावाजलेले ट्रॅक चेन्नईजवळ, कोइम्बतूरला आणि ग्रेटर नोएडाला. मुंबईच्या कॉलेजच्या मुलाला ते परवडणार कसं? या शहराने समुद्रात रस्ते बांधले. एक मोकळं पटांगण, चार प्रशिक्षक आणि शनिवार-रविवारी अॅम्ब्युलन्स, एवढं बाईकवाल्यांसाठी नक्की करता येईल. बंदी घालणाऱ्यांनी ही सोयही केली पाहिजे, असं मला फार कळकळीने वाटतं.

तर बाळा, माझं उत्तर: कार जास्त वेगवान, बाईक जास्त जिवंत, आणि मला निवडायचंच असेल तर मी बाईक निवडेन. २०० ची बाईक नाही, ८० च्या वळणावरची बाईक. डिसेंबरमध्ये येतोय. तोवर नवी बाईक घेऊ नकोस, आहे तिचे टायर बदल आणि एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा, नीट चालतंय का बघून घे. पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट, कोपर-खांद्यांना पॅड असलेलं जॅकेट आणि हातमोजे मी इथून आणतो. ताईकडून मापं घेऊन पाठव. पहिला दिवस रिकाम्या मैदानावर फक्त ब्रेक आणि आठचा आकडा. तो जमला की दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला निघून जुन्या हायवेने खंडाळ्याचा घाट, तू पुढे, मी मागे.