लोडरचा दांडा दादांच्या हाताशी आणताना

मोसंबीचा आंबिया बहर, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा, धरायचा म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात पाणी तोडून बागेला ताण द्यायचा, आणि ताण तोडायच्या आत शेणखत झाडापाशी पोचवायचं. अंबड तालुक्यात आमची ५५० झाडं आहेत. २०१२-१३ च्या दुष्काळात जुनी बाग वाळली, ही त्यानंतर लावलेली. झाडामागं चार पाट्या खत धरलं तरी बावीसशे पाट्या होतात, आणि पाटी उचलायला आता माणूस मिळत नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी २४ एचपीच्या मिनी ट्रॅक्टरला पुढं बसणारा, बकेटनं खत उचलून भरणारा एक जुना लोडर घेतला. मोठं यंत्र ओळीत घातलं की फांद्या मोडतात, हा मात्र मधून नीट फिरतो.

लोडर चांगला होता, पण त्याचे दोन दांडे पुढं, लोडरच्या उजव्या खांबाला होते. सीटवर बसून हात पूर्ण लांबवला तरच ते हाती येत. वडिलांना, म्हणजे दादांना, साखर आहे आणि त्यातून त्यांचा उजवा खांदा आखडला. कोपरापासून खाली हात उत्तम चालतो, पण खांद्यातून पुढं जात नाही. आयुष्यभर आधी औत आणि मग ट्रॅक्टर हाकलेला हा माणूस. एकदा दांड्याला पोचण्यासाठी वाकताना त्यांचा स्टेअरिंगवरचा हात सुटला आणि भरलेली बकेट मोसंबीच्या खोडाला जाऊन लागली. साल निघाली. त्या दिवसापासून दादा ट्रॅक्टरवर बसेनात. बोलले काहीच नाहीत, पण गोठ्यापाशी उभे राहून मी खत भरताना बघत राहायचे. ते बघणं मला सोसेना.

तेव्हा ठरवलं, दांडा दादांच्या हाताशी आणायचा. आणि दोन नव्हे, एकच. ओढला की बकेट वर, ढकलला की खाली, डावीकडे केला की बकेट आत वळेल, उजवीकडे केला की ओतेल.

पहिला प्रयत्न मी एका दुकानातून करून घेतला. त्यांनी जुना व्हॉल्व्ह काढून एका दांड्यावर चालणारा दोन स्पूलचा (स्पूल म्हणजे आत सरकून तेलाची वाट उघडणारा-मिटणारा दांडू) नवा व्हॉल्व्ह बसवला, आणि त्याच्या परतीच्या तोंडातून निघणारं तेल थेट मागची अवजारं उचलणाऱ्या लिफ्टला जोडलं. दांडा अजून पुढंच होता, तो मागं आणायचं काम नंतरचं होतं. लोडर चालला. मीही खूश. आठव्या दिवशी मागं रोटाव्हेटर लावून लिफ्ट उचलली आणि फट् आवाज झाला. व्हॉल्व्हच्या डोक्यातून तेलाची धार उडाली. स्पूलच्या टोकाची ओ-रिंग फुटून बाहेर आली होती.

हे का झालं ते समजायला मला चार दिवस लागले. ज्यांना असं काम करायचं आहे त्यांनी एवढं तरी वाचाच. आपल्या मिनी ट्रॅक्टरचा पंप सतत तेल फिरवत असतो. दांडे मध्यावर असले की ते तेल लोडरच्या व्हॉल्व्हमधून आरपार जाऊन पुढं लिफ्टला मिळालं पाहिजे. पण व्हॉल्व्हचं परतीचं तोंड टाकीकडे जाण्यासाठी असतं, तिथं दाब जवळजवळ नसतोच असं धरून त्याची सीलं बसवलेली असतात. तेच तोंड लिफ्टला जोडलं, की लिफ्ट वजन उचलताना पूर्ण दाब मागं येऊन त्या सीलांवर बसतो. उपाय साधा आहे. व्हॉल्व्हला ‘पॉवर बियॉन्ड’ नावाची वेगळी बाही बसते. ती बसवली की लिफ्टकडे जाणारं तेल आणि टाकीत परतणारं तेल यांच्या वाटा आतूनच वेगळ्या होतात. मग पाइप तीन लागतात: पंपाकडून येणारा, लिफ्टला जाणारा आणि टाकीला परतणारा. आमच्या ट्रॅक्टरला हायड्रोलिकचं तेल गिअरबॉक्समधलंच आहे, म्हणून तिसरा पाइप तेल भरायच्या बुचावर नवं निपल बसवून तिथं सोडला. बाही आणि सील किट घेतलं, आणि तिथून पुढचं काम स्वतः उभं राहून करून घ्यायचं ठरवलं.

जालन्यात औद्योगिक वसाहतीच्या बाजूला वेल्डिंग आणि लेथचं काम करणारे एक चाचा आहेत. रोलिंग मिलच्या दुरुस्तीत उभी हयात गेलेली. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “भाऊ, व्हॉल्व्ह ऱ्हाऊ दे बाजूला. आधी दादाला आना. हात कुठं पडतो ते बघू.”

दादांना ट्रॅक्टरवर बसवलं. चाचांनी त्यांना डोळे मिटायला लावून हात सैल सोडायला सांगितलं, आणि कोपर कुठं टेकतं, मूठ कुठं येते तिथं मडगार्डवर खडूनं खुणा केल्या. मग खुरप्याच्या मुठीएवढा लाकडी तुकडा एका सळईला बांधून दादांच्या हातात दिला. “आता हालवा. दुखलं की थांबा.” पुढं-मागं अकरा-अकरा सेंटिमीटर हात आरामात गेला. डावीकडे सात, उजवीकडे सहा. त्याच्या पलीकडे दादांच्या कपाळाला आठी पडली. हे आकडे चाचांनी मडगार्डवरच लिहिले, आणि पुढचं सगळं काम त्या चार आकड्यांवर बेतलं.

आमच्या व्हॉल्व्हचा स्पूल मध्यापासून दोन्हीकडे सहा मिलिमीटर सरकतो. हात सहा सेंटिमीटर हलावा आणि स्पूल सहा मिलिमीटर, म्हणजे एकास दहा. त्यासाठी दांडा २५ सेंटिमीटरचा आणि खालचा आडवा हात अडीच सेंटिमीटरचा घेतला. स्पूलच्या आतली स्प्रिंग किती जोर मागते ते कापूस मोजायच्या लटकत्या काट्यानं बघितलं, पंधरा किलोच्या आसपास भरली. म्हणजे दादांच्या मुठीला दीड किलो. तेवढं मनगटानं होतं, खांदा लागत नाही.

व्हॉल्व्ह पुढंच ठेवून केबल मागं आणावी, असंही सुचलं होतं. होज, म्हणजे तेलाचे रबरी पाइप, वाचले असते. पण सहा मिलिमीटरच्या खेळात केबल दोन-तीन मिलिमीटर ढिली पडली तर उरतं काय? शिवाय आमच्याकडची काळ्या मातीची धूळ केबलच्या नळीत गेली की ती अडकत चालते. म्हणून व्हॉल्व्हच उचलून उजव्या मडगार्डखाली, स्पूल उभे येतील असा बसवला आणि दांड्यापासून स्पूलपर्यंत सरळ सळया दिल्या. होज लांब लागले, त्याला इलाज नव्हता. होजला टोकं दाबून बसवून (क्रिम्प करून) घेताना प्रत्येकाला रंगीत टेप गुंडाळली. निपलांना टेफ्लॉन टेप लावली नाही, रबराची कडी असलेले डाऊटी वॉशर घातले. टेफ्लॉनचा एखादा धागा सुटून व्हॉल्व्हमध्ये गेला तर स्पूल अडकतो.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो एका गोष्टीनं. पहिल्या जोडणीत बकेट वर घ्यायला दांडा ओढला की ती थोडी ओततही होती. भरलेलं खत वर जाता जाता बोनेटवर सांडायचं. मला वाटलं, व्हॉल्व्ह खराब. चाचांनी इंजिन बंद करवलं, खाली उकिडवे बसले आणि मला दांडा हळूहळू पुढं-मागं करायला सांगितलं. बकेटच्या सळईवर त्यांनी नख टेकवलं होतं. नख हलत होतं.

कारण असं की दांडा दोन आसांवर फिरतो. पुढं-मागं व्हायला एक आडवा आस, आणि त्याच्यावर बसलेला डावी-उजवीचा दुसरा. लोडर उचलायची सळई पहिल्या आसाच्या पट्टीला जोडली की तिचा प्रश्न मिटतो. पण बकेटची सळई दुसऱ्या आसावरच्या हाताला असते, आणि दांडा पुढं-मागं झाला की तो हातही सोबत कलतो. आमच्या सळईच्या टोकाचा जोडाचा गोळा पहिल्या आसाच्या रेषेपासून एक सेंटिमीटर पुढं बसला होता. दांडा सहा सेंटिमीटर हलला की गोळा अडीच मिलिमीटर वर-खाली होई, आणि स्पूलला तेल सोडायला तेवढं पुरे. चाचांनी पुठ्ठा कापला, दोन खिळे ठोकले आणि मला दाखवलं: गोळ्याचं मध्य बरोबर पहिल्या आसाच्या रेषेत आणून ठेवा, मग दांडा कितीही पुढं-मागं करा, गोळा जागच्या जागी फिरेल, सरकणार नाही. डावी-उजवी केलं तरच वर-खाली होईल. नवा हात लेथवर केला, रॉड एंड, म्हणजे तो गोळ्याचा जोड, त्या रेषेत बसवला. परत नख टेकवलं. हललं नाही. त्या क्षणी चाचांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही.

बाकीचं भराभर उरकलं. पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा ओढल्यावर बकेट खाली गेली, ते दोन होज अदलाबदल करून सरळ केलं. दाब बघायला गेज लावलं, बकेट शेवटापर्यंत आत वळवून धरली आणि व्हॉल्व्हची दाबाची मर्यादा १४० बारला बांधली, कारण ट्रॅक्टरच्या पुस्तकात पंपाची १५० दिली आहे. आमचे उचलायचे जॅक ५० मिलिमीटर बोअरचे (आतल्या व्यासाचे), दोन मिळून साडेपाच टनांच्या आसपास जोर लावतात. म्हणजे जोर कमी पडायचं कारण नाही, उलट पुढच्या ॲक्सलला जपायचं. मागच्या तीन पॉइंटवर काँक्रीट भरलेला ड्रम अडकवल्याशिवाय आम्ही लोडर चालवत नाही.

एक गोष्ट चाचांनी हट्टानं करायला लावली. दांडा पुढं अगदी शेवटी ढकलला की तो ‘फ्लोट’मध्ये जाऊन अडकतो, बकेट सैल सुटते आणि जमिनीच्या उंचसखलपणावरून आपोआप चालते. रस्ता सारखा करताना, मागं घसटत नेताना हे फार कामाचं. पण बकेट वर असताना चुकून दांडा तिथं गेला तर ती धाडकन खाली येते. म्हणून दांड्यापुढं बिजागरीची एक पट्टी बसवली. ती डाव्या हातानं बाजूला केली तरच दांडा फ्लोटपर्यंत जातो. खाली लेकरं, कुत्री, कोणीही असू शकतं.

आणि होज उघडायच्या आधी बकेट जमिनीला टेकवून, इंजिन बंद करून, दांडा चारी बाजूंना हलवून दाब मोकळा करायचा. गळती बघायला हात फिरवायचा नाही, पुठ्ठा फिरवायचा. बारीक भोकातून येणारं तेल दिसतही नाही आणि कातडी फोडून आत शिरतं. मग ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो, जखम टाचणीएवढी दिसली तरी.

खर्च व्हॉल्व्ह, होज, लेथ, सील किट धरून ३१ हजारांपर्यंत गेला. चाचांनी मजुरी फार कमी लावली. मी जास्त द्यायला गेलो तर म्हणाले, “दादाला चालवताना बगायला येतो, तवा चहा पाज.”

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ते खरंच आले. दादांनी कोपर टेकवलं, मूठ धरली. पहिल्या दोन बकेटा अर्ध्याच भरल्या. तिसरी उकिरड्यात घालताना त्यांनी दांडा ओढता ओढता हलकेच डावीकडे केला, बकेट भरत भरत वर आली आणि एक ढेकूळ खाली पडलं नाही. दोन्ही हालचाली एका मनगटात. चाचा माझ्याकडे न बघताच म्हणाले, “बग, हात शिकला.”

त्या बहाराचं सगळं खत दादांनी वाहिलं, रोज सकाळी दोन तास. साल निघालेल्या त्या झाडाला त्यांनी पहिल्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावली होती, तिथल्या जखमेच्या कडा आता आत वळायला लागल्यात. परवा बागेतून येताना ट्रॅक्टरवरून उतरले आणि म्हणाले, “ॲक्सिलरेटरचा दांडा पन इकडंच घेता येईल का रे? डाव्या हाताला?”

खडू घेऊन उद्या मडगार्डवर खुणा करायच्या आहेत.