हरणं मारून राखलेलं जंगल

स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसला राहायला आल्यापासून जरा मोकळा रविवार मिळाला की आम्ही ॲबरनेथी गाठतो. केर्नगॉर्म डोंगरांच्या पायथ्याला स्कॉट्स पाइनचं जुनं रान आहे. वर चढत गेलं की झाडं विरळ होतात आणि हेदर या बुटक्या झुडपांचा उघडा माळ लागतो. यातला मोठा भाग आरएसपीबी ही पक्ष्यांसाठी काम करणारी संस्था सांभाळते. आणि हीच संस्था इथली हरणं मारवते, दरवर्षी, ठरवून.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाढलेल्या आपल्या कानांना हे विपरीतच वाटतं. पण माळावर जरा वाकून बघा. हेदरमध्ये घोट्याएवढी पाइनची रोपं दिसतात, शेंडे खुडलेली. कितीतरी वर्षांची असतात, पण हरणं त्यांना डोकं वर काढू देत नाहीत. मेळघाटातल्या सांबराला निदान वाघाचा धाक असतो. इथले लांडगे माणसाने कधीच संपवले, आणि शिकारीच्या शौकापायी मोठमोठ्या इस्टेटींनी हरणं पोसली.

मग कुंपण का घालत नाहीत? घातलं होतं की! पण इथे कॅपरकेली नावाचा रानकोंबडा आहे. नर चार किलोंचा, उडतो खालून आणि सुसाट. तार त्याला दिसत नाही, आपटून मरतो. त्यामुळे कुंपणं काढली आणि बंदूक घेतली. अठराव्या शतकात हा पक्षी ब्रिटनमधून संपला होता. १८३७मध्ये स्वीडनहून पुन्हा आणला. २०२१-२२च्या गणनेत अख्ख्या स्कॉटलंडमध्ये साधारण ५४२ उरल्याचा अंदाज निघाला.

बरं, कॅपरकेलीची अंडी खाणारा पाइन मार्टिन हा मुंगसासारखा छोटा शिकारी प्राणीही संरक्षित! त्याला हात लावता येत नाही. मग अभ्यासकांनी केर्नगॉर्मच्या जंगलांत विणीच्या दिवसांत मेलेल्या हरणांचं मांस टाकून पाहिलं. मार्टिन तिकडे वळले आणि कॅपरकेलीची पिल्लं जास्त दिसली. हा उपाय मला भलताच आवडला. कुंपण आणि बंदुकीच्या मानाने किती साधा!

स्कॉटलंडमध्ये कुणाच्याही रानात हिंडायचा हक्क कायद्यानेच दिलाय, त्यामुळे 'आत येऊ नका' असं कुणी म्हणत नाही. वसंतात आणि उन्हाळ्यात पायवाट सोडू नका, कुत्रा साखळीला ठेवा, एवढीच विनंती असते. कधी आलात तर ती पाळा. आणि घरी परतल्यावर पाय नीट तपासा, हेदरमध्ये गोचिडी फार.