चोरीला गेलेला कॅमेरा ऑनलाइन विकायला दिसला : माझा अनुभव

मी बेळगावचा, शहापुरात राहतो, लग्नाचे फोटो काढणं हाच धंदा. मागच्या लग्नसराईत खानापूर रोडवरच्या एका कार्यालयाच्या पार्किंगमधून गाडीची काच फोडून बॅग उचलली. कॅननची फाइव्ह डी मार्क फोर बॉडी, 24-70 आणि 70-200 या दोन लेन्स, फ्लॅश, चार्जर, सगळंच गेलं. कॅमेरा आणि दोन्ही लेन्स परत मिळाल्या म्हणून हे लिहितोय, कारण त्यावेळी मी शोधत होतो तर जे मिळायचं ते पुण्या-मुंबईचं, आणि आमच्याकडं चोरी कर्नाटकात, माल महाराष्ट्रात आणि कागद कन्नडमध्ये असला तिढा असतोय.

पहिल्या पोलीस स्टेशनात म्हणाले कार्यालय आमच्या हद्दीत नाही, दुसरीकडं जावा. दुसरीकडं म्हणाले रस्त्याच्या त्या बाजूचं सगळं पहिल्यांचंच. शेवटी तिथल्या हवालदारांनी साधा अर्ज घेऊन शिक्का मारून देतो म्हटलं, बाकीचं "नाळे बर्री, साहेबरु इल्ला", म्हणजे उद्या या, साहेब नाहीत. माझा मावसभाऊ एका वकिलांकडं कारकून आहे, त्याला फोन लावला तर तो म्हणाला शिक्क्यावर काय भागत नाही, एफआयआरच पाहिजे, आणि 1 जुलै 2024 पासून जो नवीन कायदा लागू झालाय त्या बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 173 मध्ये सरळ लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत होऊ दे, तक्रार नोंदवून घ्यायची, मग ती झिरो एफआयआर म्हणून जिकडची तिकडं पाठवायची, आणि कॉपी फिर्याद देणाऱ्याला फुकट. नाहीच घेतली तर तीच तक्रार लेखी, पोस्टानं एसपींकडं. मी तिथं कलमं सुनावत बसलो नाही, "झिरो करून तरी घ्या की सायब" एवढंच म्हटलं आणि काम झालं. कलम पाठ असावं पण तोंडावर मारू नये असं माझं मत.

एफआयआर कन्नडमध्ये. मला कन्नड बोलता येतंय, वाचायला मात्र वेळ लागतो, म्हणून दुकानातल्या कन्नड मीडियमच्या पोराला वाचायला बसवलं. त्यानंच पकडलं, बॉडीच्या सिरीयल नंबरमधला एक आकडा टाइप करताना चुकला होता. दुसऱ्या दिवशी जाऊन पुरवणी जबाब देऊन दुरुस्त करून घेतलं. तुम्हाला किरकोळ वाटेल, पण पुढं सगळी गाडी त्या नंबरावरच चालली.

मोबाईलला कसं आयएमइआय टाकला की सीईआयआर या सरकारी पोर्टलवर ब्लॉक होतो, कॅमेऱ्याला तसलं काही नाही. चोरानं नेलेला कॅमेरा आरामात फोटो काढत राहतो. आपल्या हातात एकच, सिरीयल नंबर. माझ्याकडं जीएसटीचं बिल होतं, शिवाय जुन्या ओरिजिनल फाइलींच्या एक्झिफमध्ये (कॅमेरा फोटोच्या फाइलमध्येच लपवून लिहितो ती माहिती) बॉडीचा आणि लेन्सचा दोन्ही नंबर निघाले. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत ते शोधू नका, तिथं एक्झिफ उडून जातं, हार्डडिस्कमधली मूळ फाइल पाहिजे. स्टोलन कॅमेरा फाइंडर म्हणून एक साइट आहे, जुना फोटो टाकला की त्याच नंबरच्या कॅमेऱ्यानं काढलेले नेटवरचे दुसरे फोटो शोधते, तिथंही टाकून बघितलं, काही मिळालं नाही.

सापडला तो माणसांमुळंच. आमच्या फोटोग्राफर लोकांच्या ग्रुपवर टाकलं होतं, निपाणीच्या एका मित्रानं जुन्या वस्तू विकायच्या ॲपवरची जाहिरात पाठवली, "ही तुझी काय बघ". बॉडी तर सगळ्यांच्या सारख्याच, पण 24-70 च्या झूम रिंगचं रबर सैल झालं होतं म्हणून मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून चढवला होता, कडेला जरा तिरका कापला गेलेला. फोटोत तोच तिरका तुकडा! हातपाय गार पडले.

आमच्या भावजींचं म्हणणं बोलेरोत चार पोरं घालून जाऊया. तसलं अजिबात करू नका. मारामारी झाली तर आपल्यावरच केस, आणि पैसे देऊन सोडवून आणला तर मग चोरीचा माल कुणाकडं सापडला हे सिद्ध कोण करणार. आम्ही जाहिरातीचे स्क्रीनशॉट काढले, लिंक आणि तारीख दिसेल असे, आणि निपाणीच्या मित्रानं गिऱ्हाईक बनून मेसेज केला, "भाऊ, खालच्या बाजूचा फोटो टाका की, ट्रायपॉड प्लेटनं किती घासलाय बघायचंय". विकणाऱ्यानं टाकला. त्यात दिसणारा नंबर जुळला. घासाघीस करू नको, लगेच घेतो पण म्हणू नको, नुसतं लटकत ठेव असं मित्राला सांगून मी स्क्रीनशॉटची प्रिंट घेऊन स्टेशनात.

तपास करणारे पीएसआय इथून पुढं चांगले निघाले. ॲपवाल्यांना बीएनएसएसच्याच कलम 94 खाली पत्र लिहून विकणाऱ्याची माहिती मागवली, पत्ता निघाला गडहिंग्लजकडचा. म्हणजे परत दुसरं राज्य. संकेश्वरवरून गेलो, आधी तिथल्या स्थानिक ठाण्यात नोंद केली, त्यांचा एक माणूस बरोबर घेतला, मग त्या पत्त्यावर.

दारात विशी-बाविशीचं पोरगं, नवीन स्टुडिओ घातलेलं. कॅमेरा आणून टेबलावर ठेवला. पीएसआय म्हणाले हा तुमचाच कशावरून, मी म्हटलं मेन्यूत कॉपीराइट माहिती उघडा. उघडली, लेखकाच्या जागी माझं नाव आणि स्टुडिओचं नाव तसंच. पोराच्या तोंडचं पाणीच पळालं. त्यानं इचलकरंजीत एकाकडून रोखीत, बिलाशिवाय घेतला होता म्हणे. मला त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, पण 1930 च्या माल विक्री कायद्यात ठरलेलंच आहे की चोराकडं मालकी नसते तर तो दुसऱ्याला देणार कुठली. आणि अर्ध्या किमतीत असली बॉडी बिलाशिवाय मिळते तेव्हा डोक्यात काहीतरी वाजायला पाहिजे की नको? पंचनामा झाला, त्याचं मोबाईलवर शूटिंग पण केलं, नवीन कायद्यात ते करावंच लागतं.

मला वाटलं आता कॅमेरा गळ्यात घालून घरी. कुठलं काय, तो आता मुद्देमाल. कापडात बांधून लाखेचं सील, आणि बेळगावचा पावसाळा तोंडावर. लेन्सला फंगस, म्हणजे बुरशी, लागायला किती वेळ लागतो हे धंद्यातल्यांना सांगायला नको. सील करायच्या आधी हवालदारांच्या हातापाया पडून आत सिलिका जेलच्या पुड्या घालायला लावल्या.

सोडवायला कोर्टाचा हुकूम लागतो. बीएनएसएसच्या कलम 503 खाली अर्ज (आधीच्या कायद्यातलं सीआरपीसी 457), सोबत बिल, एफआयआर, पंचनाम्याची नक्कल. आमच्या वकिलांनी सुप्रीम कोर्टाचा 2002 चा सुंदरभाई देसाई निकाल जोडला, त्यात म्हटलंय की मुद्देमाल पोलीस स्टेशनात उगाच सडवत ठेवू नका, फोटो आणि पंचनामा करून, बॉण्ड घेऊन मालकाला द्या. पोलिसांचं म्हणणं यायला तारीख, मग साहेब रजेवर म्हणून तारीख, सगळ्यात जास्त वेळ इथंच गेला. शेवटी जामीनदारासह बॉण्डवर मिळाला, अट अशी की केस संपेपर्यंत विकायचा नाही आणि कोर्ट म्हणेल तेव्हा हजर करायचा. जामीनदार कोण, तर बोलेरोवाले भावजीच.

70-200 मध्ये बारीक फंगस आलाच होता, कोल्हापुरात साफ करून घेतला. फ्लॅश मात्र गेला तो गेलाच. मधे त्याच ॲपवर तसलाच एक दिसला, मला तर खात्रीच आहे माझाच म्हणून, पण बिलावर त्याचा नंबरच टाकला नव्हता दुकानदारानं, पीएसआय म्हणाले असले फ्लॅश बेळगावात शंभर असतील, कुणाकुणाचा धरू?