दाराबाहेरचा भागीदार : आमची वाटचाल

इंदूरला श्रीखंड विकायचं म्हणजे गाठ थेट शिकंजीशी. इथली शिकंजी लिंबाची नव्हे. आटवलेलं दूध, दही, केशर, सुकामेवा, चमच्यानं खावी इतकी दाट. शेजारच्या भाभीजींनी आमचा पहिला डबा उघडून "ये तो जमी हुई शिकंजी है" म्हटलं, ते मी कौतुकच समजले. पुढे त्याच आमच्या सगळ्यात पक्क्या गिऱ्हाईक झाल्या.

धंद्याचा मुहूर्त वगैरे काही नाही. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पाडव्याला आणि दसऱ्याला चक्का नेहमी जरा जास्तच टांगायच्या आणि लोकमान्यनगरात वाटीवाटीनं वाटायच्या. वाटीचा डबा झाला, डब्याचे पैसे येऊ लागले, यांनी हिशेबाची वही घातली.

कृती आईंचीच, साखर तेवढी माझी. त्या चक्क्याच्या बरोबरीनं साखर घालत; मी किलोला पाऊण किलो घालते. त्यांच्या मते माझं श्रीखंड डॉक्टरांनी लिहून दिल्यासारखं लागतं. साखर दाणेदारच, कारण बाजारच्या पिठीसाखरेत बहुधा मक्याचं पीठ मिसळलेलं असतं. साखर कालवली की थांबायचं, ती विरघळू द्यायची आणि मग पुरणयंत्रातून काढायचं. मिक्सर लावला की पातळ होतं, हे वाद घालून सांगेन. उन्हाळ्यात चक्का फ्रिजमध्येच टांगतो. इथल्या एप्रिलमध्ये बाहेर टांगलेला चक्का सकाळपर्यंत आंबट ढाण होतो. खाली साठलेली निवळी थालीपिठाच्या पिठात किंवा कढीत जाते.

आता खंडू. लेकीनं गल्लीतून उचलून आणलेलं पिल्लू, एक कान उभा, एक पडका. आई नको म्हणतील अशी माझी खात्री होती. त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "होळकरांच्या गावात खंडोबाचं कुत्रं दारातून हाकलायचं नसतं." नाव तिथेच ठरलं.

त्याच सुमारास एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी खात्याची, नोंदणी करायची होती. वर्षाला बारा लाखांच्या आतल्या उलाढालीला तेव्हा साधी नोंदणी पुरायची, फी वर्षाला शंभर रुपये. पण अन्न तयार होतं तिथे पाळीव जनावर नको, हा नियम. कुत्रा की धंदा, असा प्रश्न घरात दोन दिवस जेवणाच्या ताटावर होता. यांनी मागची अडगळीची खोली रिकामी केली. वेगळा ओटा, वेगळी शेगडी, वेगळी भांडी, टोप्या, ॲप्रन आणि आपोआप लागणारं जाळीचं दार. खरं सांगायचं तर खंडू नसता तर आम्ही अजूनही घरच्याच ओट्यावर वरणाच्या कुकरशेजारी बासुंदी आटवत बसलो असतो. त्या खोलीमुळे पाहुणे आले तरी काम थांबेना, आणि लग्नाच्या ऑर्डरी घ्यायची छाती झाली.

खंडू जाळीबाहेर बसतो आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाकडे अन्याय झाल्यासारखा बघतो. आमच्या मालातलं त्याला काहीच चालत नाही, ही त्यातली गंमत. श्रीखंडात जायफळ, ते कुत्र्यांना बाधतं. शिऱ्यात बेदाणे, द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. गणपतीत लेक चॉकलेटचे मोदक करते; चॉकलेटमधलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार हळू बाहेर पडतं आणि त्याला विषच ठरतं. त्यामुळे मुलं डबा न्यायला आली की पहिली सूचना, "त्याला भरवू नका रे." त्याला बिनमिठाचा दहीभात. तो मात्र आई स्वतःच्या हातानं कालवतात.

हल्ली कुत्र्यांसाठी केक कराल का, अशी विचारणा होते. नाही करत. ते वेगळं शास्त्र आहे आणि आमच्याकडे ते खाऊन बघायला एकच जण आहे, जो चपलासुद्धा आवडीनं खातो.

दिवाळीत मात्र धंदा त्याच्या तंत्रानं चालतो. फटाके सुरू झाले की तो कपाटामागे शिरतो, कुणीतरी शेजारी बसावंच लागतं. म्हणून लक्ष्मीपूजनाचे डबे आम्ही दुपारीच देऊन मोकळे होतो. संध्याकाळची विक्री बुडते खरी. यांनी एकदा आकडा मांडून दाखवला. आईंनी वही मिटून ठेवली.

पाडवा रंगपंचमीनंतर दहा-अकरा दिवसांवर येतो, त्यामुळे गेरचा, म्हणजे इथल्या रंगपंचमीच्या मिरवणुकीचा, रंग अंगावरून उतरेपर्यंत आमची ऑर्डरीची वही भरलेली असते. श्रीखंडात साधं, केशर-वेलदोडा आणि आंबा आल्यावर आम्रखंड, एवढंच करतो. डबा न्यायला सकाळी येणार असाल तर फाटकाची कडी आठवणीनं लावा. कचरागाडीचं गाणं ऐकलं की खंडूला तेवढीच फट पुरते, आणि मग टोपी-ॲप्रनसकट मला त्याच्यामागे पळावं लागतं.