मागच्या एक्सलला लॉकर आणि माझा वर्षभराचा घोळ

गेल्या पावसाळ्यात ताम्हिणीच्या अलीकडे रस्ता सोडून भातखाचरांच्या कडेची एक गाडीवाट पकडली आणि तिथेच बसलो. जिप्सी जुनी, आर्मी डिस्पोजलची. हब लॉक केले होते (म्हणजे पुढची चाकं एक्सलला जोडलेली), फोर-लो टाकला होता (चारही चाकांना जोर, सगळ्यात हळू गियरमध्ये), म्हणजे जे जे करायचं ते सगळं केलेलं, आणि तरी मागचं डावं आणि पुढचं उजवं चाक भिंगरीसारखं फिरतंय आणि उरलेली दोन चाकं मस्त टणक मुरमावर बसून आहेत, पंगतीत जेवून झालेल्या पाहुण्यांसारखी. मी अजून थोडा रेस दिला, मग अजून थोडा, आणि गाडी मागच्या एक्सलच्या हौसिंगवर टेकली.

शेवटी खालच्या वस्तीवरचे एक मामा ट्रॅक्टर घेऊन आले, दोन मिनिटांत ओढून काढलं. पैसे घेतले नाहीत, चहा पाजला, आणि चहा पिताना विचारतात, "सायेब, फोर बाय फोर म्हंता ना हिला, मग दोनच चाकं का फिरत होती?"

काय सांगणार? मग त्यांनीच ट्रॅक्टरवर उजव्या टाचेजवळचं छोटं पेडल दाखवलं. "हे दाबलं की मागची दोन्ही चाकं बरुबर फिरत्यात. पर दाबून वळायचं न्हाई हां, सरळच जायचं." मी तोपर्यंत लॉकरवर, म्हणजे एका एक्सलची दोन्ही चाकं अशी एकत्र बांधणाऱ्या ह्याच प्रकारावर, वर्षभर व्हिडिओ बघत होतो, माझ्याकडे एक्सेल शीट होती, आणि हे वाक्य त्यात कुठेच नव्हतं.

आता ज्यांना डिफरन्शियलचं, म्हणजे एक्सलच्या मध्ये बसून इंजिनचा जोर दोन चाकांत वाटणाऱ्या गियरच्या डब्याचं, गणित माहीत नाही त्यांच्यासाठी. बैलजोडीचं जू डोळ्यासमोर आणा, मधोमध बांधलेलं. एका बैलाने मान टाकली की दुसऱ्याने कितीही जोर लावला तरी जू तिरकं होतं, नांगर पुढे जात नाही. कमी ओढणाऱ्याएवढंच जास्तवाल्यालाही ओढता येतं. ओपन, म्हणजे साधं, डिफरन्शियल सेम असंच, दोन्ही चाकांना टॉर्क (फिरवणारा जोर) कायम सारखाच देतं, त्यामुळे एक चाक चिखलात किंवा हवेत असलं की दुसऱ्यालाही तेवढाच मिळतो, म्हणजे जवळपास काहीच नाही. पुढे-मागे दोन्हीकडे ओपन असेल आणि गाडी कर्णात वाकडी झाली की फोर बाय फोर असूनही तुम्ही गेलात. लॉकर काय करतो, तर दोन्ही हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचे दांडे) एकत्र बांधून टाकतो, वेग सारखा, मग टॉर्क जिकडे पकड आहे तिकडे आपोआप जातो.

मग कायमच बांधून का ठेवत नाहीत? वळण. जिप्सीच्या दोन चाकांमध्ये साधारण १.३ मीटर अंतर आहे, एक पूर्ण गोल फिरलात तर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा ८ मीटरहून जास्त चालावं लागतं. चिखलात ते ८ मीटर घसरून भागतात, कोथरूडच्या आमच्या पार्किंगच्या रॅम्पवर टायर घासून भागतात नाहीतर हाफ शाफ्ट पिळवटून.

हे कळूनही मी नाना पेठेत एका ओळखीच्या चाचांकडे स्टार गियरचं (डिफरन्शियलच्या आतले छोटे गियर) विचारायला गेलो तेव्हा त्यांनी सगळ्यात स्वस्त उपाय सांगितलाच, "वेल्ड मारून देतो, संध्याकाळपर्यंत घेऊन जा." डिफमधले स्टार गियर वेल्ड करून टाकायचे, झाला कायमचा लॉकर. फक्त ऑफरोडला ट्रेलरवर नेणाऱ्यांच्या गाड्यांना चालतं हे, मला बावधनला किराणा आणायला पण हीच गाडी लागते. चहा पिऊन निघालो.

त्यानंतरचा स्वस्त पर्याय लंचबॉक्स लॉकर, आणि खरं सांगतो, सहा महिने मी ह्याच्याच प्रेमात होतो. जुनाच क्राउन-पिनियन (डिफचे मोठे गियर), जुनीच केज (स्टार गियरचं कवच), फक्त आतले स्टार काढून हा बसवायचा, शिम (पातळ चकत्या) लावून गियरमधली प्ले (फट) सेट करायची भानगड नाही. पॉवर देताना बांधलेला राहतो आणि वळणावर बाहेरचं चाक पुढे पळायला लागलं की तेवढं सोडतो, टकटक आवाज करत. ऐकायला भारी, पण हा ऑटोमॅटिक, त्याला बंद करायचं बटण नाही. मागच्या एक्सलला बसवला, ओला रस्ता असला आणि वळणात मध्येच अॅक्सिलरेटर सोडला की गाडीची चाल बदलते, आणि जिप्सीसारख्या आखूड गाडीला ते जास्तच जाणवतं. ताम्हिणी उतरताना, धुक्यात, समोरून एसटी, नको रे बाबा. पुढच्या एक्सलला मात्र आयडिया चांगली आहे कारण हब फ्री ठेवले की रस्त्यावर त्याचा पत्ताच लागत नाही. पण हब लॉक केले की हाही जोर देताना बांधलेलाच, स्टीअरिंग वळायला तयार नसतं आणि वळवलंच तर सगळा भार सीव्ही जॉइंटवर, म्हणजे वळणाऱ्या चाकाला जोर पोचवणाऱ्या सांध्यावर. जंगलात सीव्ही तुटला तर मामा पण काही करू शकत नाहीत.

एलएसडीचं, म्हणजे चाकं पूर्ण न बांधता घसरणं थोडं आवरणाऱ्या डिफचं, पण बघितलं. क्लच प्लेटवाली झिजते, तिला वेगळं तेल लागतं. गियरवाली झिजत नाही पण ती कमी पकडवाल्या चाकाच्या समजा तिप्पट टॉर्क दुसऱ्याला देते, आणि चाक हवेत असेल तर शून्याची तिप्पट शून्यच. रॅली करायची असती तर घेतली असती.

मधल्या काळात मित्रांच्या गाड्या चालवून घेतल्या, ते सगळ्यात उपयोगी पडलं. एकाकडे थार आहे, मागे ईटन कंपनीचा मेकॅनिकल लॉकर. हा दोन चाकांच्या वेगात साधारण १०० आरपीएमचा फरक पडला की खट्ट करून स्वतः लॉक होतो, आणि वेग साधारण ३० किलोमीटरच्या वर असेल तर होत नाही. म्हणजे चाक फिरायला लागलं की पाय काढायचा नाही, अजून थोडा दाबायचा. मी दोनदा घाबरून खट्टच्या आधीच पाय काढला आणि तो म्हणे, "अरे थांब की, त्याला फिरू तर दे!" शहरी माणसाला ते जमायला वेळ लागतो. दुसऱ्याकडे आपली आकुर्डीवाल्या फोर्सची गुरखा, तिला पुढे-मागे दोन्ही लॉक कंपनीतूनच, लिव्हर ओढायची. मागचा ओढला आणि गाडी जिथून निघायलाच नको तिथून चालत वर आली. मग मी हौसेने पुढचाही ओढला आणि स्टीअरिंग दगड झालं, उजवीकडे वळायचं होतं, गाडी नाकासमोर झाडाकडे निघाली. "न्हाई वळायचं, सरळच जायचं," मामा आठवले.

त्या दिवशी ठरलं. मागे एक, सिलेक्टेबल, म्हणजे बटण दाबल्यावरच लागणारा, एरवी साधं ओपन डिफ. पुढे काही नाही. एअर की इलेक्ट्रिक ह्यावर अजून तीन आठवडे गेले. इलेक्ट्रिकला एक वायर, काम सोपं. एअरला कंप्रेसर, नळी, सोलेनॉइड (विजेवरचा व्हॉल्व्ह), नळी चुकीच्या जागी नेली तर दगडाला घासून फुटणार आणि लॉकर नेमका नको तेव्हा सुटणार. तरी एआरबी कंपनीचा एअरवाला घेतोय, कारण कंप्रेसर जरा मोठा घेतला की टायरमध्येही हवा भरता येते. आणि लाज वाटते सांगायला, पण मुळशीत त्या दिवशी माझ्या टायरमध्ये रस्त्याचीच २८ पीएसआय हवा होती आणि ग्रिप अर्धी झिजलेली. १६-१८ पर्यंत हवा सोडली असती तर कदाचित लॉकरशिवायच निघालो असतो. हवा सोडली नाही कारण परत भरायला जवळचा पंप पौडला. तर मंडळी, लॉकरच्या आधी टायर, हे माझ्याकडून फुकट. नवीन मड टायर मी दिवाळीतच टाकले.

तोटा एकच मोठा, बाजूला उतार असलेल्या वाटेवर मागचा लॉक केला तर दोन्ही चाकांची पकड एकदम सुटते आणि मागची बाजू खाली घसरते. ओपनमध्ये एकच फिरतं, दुसरं धरून ठेवतं. त्यामुळे तिरक्या उतारावर बटणाला हात लावायचा नाही.

एकूण आकडा ऐकल्यावर बायकोने फक्त "बरं" म्हटलं, जे वाईट लक्षण आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबाबत कडक आहे म्हणून विमावाल्यांना लेखी विचारलंय, उत्तर यायचंय. चाचा म्हणतात काम दोन दिवसांचं. प्ले शिम लावून तेच सेट करणार, आणि वेल्डिंगचा विषय त्यांनी अजून सोडलेला नाही. कंप्रेसर बॅटरीशेजारी बसतोय असं मोजून बघितलंय. बटण मात्र झाकणवालं घेणार, कारण आमची साडेचार वर्षांची गाडीत बसली की पहिल्यांदा सगळी बटणं दाबून बघते.