रेफरी कोण ठरवतं? तुम्ही विचारलंत म्हणून

फुटबॉलच्या मॅचचा रेफरी कोण ठरवतं, हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय, दवाखान्याच्या बाकड्यावर विचारला गेलाय, आणि हरलेल्या संघाच्या माणसांनी तर रात्री उशिरा फोन करून विचारलाय. "या माणसाला ही मॅच दिली कुणी?" विचारणाऱ्याच्या मते उत्तर ठरलेलंच असतं: सेटिंग. मार्च २०२३ मध्ये बंगळुरूत सुनील छेत्रीच्या फ्री किकवरच्या वादग्रस्त गोलवरून केरळा ब्लास्टर्स हा संघ मैदान सोडून गेला, तेव्हा माझ्या फोनला उसंत नव्हती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अंधेरीत मुंबई सिटी आणि मोहन बागान यांच्या सामन्यात सात लाल कार्डं निघाली, तेव्हाही तेच. या दोन्ही नेमणुकांशी माझा काडीचा संबंध नव्हता. पण मी बरीच वर्षं शिट्टी वाजवली, मग असेसर म्हणून दुसऱ्यांना गुण दिले आणि शेवटी नेमणुका करणाऱ्या एका समितीवर बसलो. तुम्हाला ज्या खोलीचा संशय येतो तसल्या एका खोलीत मी होतो. म्हणून एकदा सगळं लिहून काढतो.

मॅच लागते कशी? आधी बघतात कोण धावू शकतो. फिफाच्या चाचणीत पुरुष रेफरीला ७५ मीटर १५ सेकंदांत धावायचं, मग २५ मीटर १८ सेकंदांत चालायचं, आणि हे ४० वेळा. खालच्या पातळीवर निकष सैल असतात, पण चाचणी कुणाला चुकत नाही. मग असेसरचे गुण बघायचे. त्याने अलीकडे कुठल्या संघांच्या मॅच केल्या ते बघायचं, कारण एकाच संघाला लागोपाठ तोच रेफरी द्यायचा नसतो. आणि मग आपल्याकडची खरी अडचण: रजा. आपल्याकडच्या बहुतेक रेफरींचं घर शिट्टीवर चालत नाही. कुणी शाळेत पीटीचा मास्तर, कुणी रेल्वेत, कुणी पोलिसात. साहेबाने रजा नाकारली की गुणांत पहिला असलेला माणूस गळतो. "एवढे चांगले रेफरी असताना हाच का?" असं तुम्ही विचारता, तेव्हा चांगल्याला त्या दिवशी रजा मिळाली नव्हती, हे खरं उत्तर असतं. मी ते कितीदा दिलंय, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर दरवेळी तेच: आम्हाला खुळं समजता काय.

एवढं सगळं चाळून झालं की दोन-तीन नावं उरतात. तिथून पुढे प्रश्न चांगला कोण हा नसतोच. याच्याबद्दल कोण काय बोलू शकेल, हा असतो. ही गोष्ट कुणी उघड सांगत नाही. मी सांगतो, कारण माझा सगळा राग आणि माझा सगळा बचाव इथूनच सुरू होतो.

इंग्लंडकडे बोट दाखवून मला ऐकवतात, तिथे बघा कसं स्वच्छ आहे. बघूच. तिथे व्यावसायिक सामन्यांचे रेफरी पीजीएमओएल ही संस्था नेमते, २००१ पासून. वरच्या फळीतले रेफरी पगारी आहेत, म्हणजे रजेचा प्रश्न नाही. आपण कुठल्या क्लबचे चाहते ते प्रत्येकाने कळवायचं असतं. रेफरी मायकल ऑलिव्हर न्यूकॅसलचे, म्हणून त्यांना न्यूकॅसलची मॅच लागत नाही, आणि शेजारच्या वैरी संडरलंडचीही नाही. इथपर्यंत कुणाला काही बोलायला जागा नाही. पण एप्रिल २०१६ मध्ये लेस्टर आणि टॉटनहॅम विजेतेपदासाठी झुंजत होते, तेव्हा केव्हिन फ्रेंड यांना स्टोक विरुद्ध टॉटनहॅम ही मॅच लागली होती. ती काढून नील स्वॉरब्रिक यांना दिली. कारण? फ्रेंड लेस्टरमध्ये राहत होते. ते चाहते ब्रिस्टल सिटीचे, आणि मैदानावर लेस्टरचा संघ उतरणारच नव्हता. तरी राहत्या घराच्या पत्त्यावरून माणूस बाजूला झाला. टॉटनहॅम ४-० जिंकले.

आणि काढला नाही तर काय होतं तेही बघा. एप्रिल २०२४, एव्हर्टन विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. व्हीएआरवर, म्हणजे व्हिडिओ बघून रेफरीचे निर्णय तपासायला, स्टुअर्ट ॲटवेल. ते लूटनचे चाहते, आणि लूटन त्या वेळी फॉरेस्टबरोबर खालच्या लीगमध्ये ढकललं जाऊ नये म्हणून धडपडत होतं. फॉरेस्टला तीन पेनल्टी नाकारल्या गेल्या. फॉरेस्टने जाहीरपणे लिहिलं की हा माणूस लूटनचा आहे हे आम्ही आधीच कळवलं होतं. त्या लिहिण्याबद्दल क्लबला साडेसात लाख पौंड दंड झाला. आता सांगा, फ्रेंडना काढलं ते बरोबर असेल तर ॲटवेलना ठेवलं ते कसं? आणि ॲटवेलना ठेवणं बरोबर असेल तर फ्रेंडनी काय पाप केलं होतं? मी दोन्ही बाजूंनी भांडून बघितलंय. दोन्ही वेळा मला माझंच म्हणणं पटतं.

विशीत-तिशीत असताना मी यावर एक उपाय छातीठोकपणे सांगायचो: चिठ्ठ्या टाका. एका बैठकीत त्यासाठी उभा राहून बोललोही होतो. माझं आवडतं उदाहरण इटलीचं. १९८४-८५ च्या हंगामात तिथे रेफरी चिठ्ठी टाकून ठरवले, आणि त्या वर्षी युव्हेंटस, मिलान, इंटर या कुणाचंच नाव लागलं नाही. हेलास व्हेरोना जिंकलं. त्यांचं ते आजवरचं एकमेव विजेतेपद. यापेक्षा मोठा पुरावा काय हवा, असं मी विचारायचो.

आज तो तरुण समोर आला तर मी त्याला २००६ सालात नेईन. युव्हेंटसचे पदाधिकारी लुचानो मोज्जी रेफरींच्या नेमणुका करणाऱ्या बेर्गामो आणि पायरेत्तो यांच्याशी फोनवर बोलत होते, ते सगळं बाहेर आलं. युव्हेंटसची दोन विजेतेपदं गेली, क्लब खालच्या लीगमध्ये गेला. ज्या हंगामातले हे फोन, त्या हंगामातही तिथे चिठ्ठ्याच काढत होते! फक्त कुठल्या मॅचसाठी कुणाच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकायच्या, ते ही दोन माणसं ठरवत होती. ब्राझीलने तर २००३ मध्ये कायदाच केला की रेफरी सोडत काढून नेमायचे. २००५ मध्ये तिथे एडिल्सन परेरा दे कार्वाल्यो हा रेफरी सट्टेवाल्यांचे पैसे घेऊन मॅच चालवत होता असं उघड झालं आणि ११ सामने रद्द करून पुन्हा खेळवावे लागले. विकला गेलेला माणूस सोडतीतूनही तुमच्याच मैदानावर येतो.

तो तरुण यावर गप्प बसणार नाही, मी त्याला ओळखतो. तो म्हणेल, "असेल. पण चिठ्ठी निदान कुणाचा अपमान तरी करत नाही." या वाक्यापुढे माझं काही चालत नाही. आणि त्याला कारण आहे.

एका स्पर्धेची फायनल होती. गाव सांगत नाही, कारण त्या पोराला ओळखणारे बरेच आहेत. पेठेपेठेचे संघ, भरलेलं मैदान, पोलीस बंदोबस्त, तुम्हाला चित्र माहीत आहे. आमच्या यादीत त्या हंगामात सगळ्यात जास्त गुण एका तरुण मास्तरचे होते. त्याचं धावणं चांगलं होतंच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो खेळाडूंशी बोलायचा. कार्ड काढायच्या आधी दोन शब्द बोलून मॅच थंड करायचा. ही गोष्ट शिकवून येत नाही. फायनल त्याला लागली, पत्र गेलं, शाळेने रजाही दिली.

फायनलच्या दोन दिवस आधी समितीतल्या तिघांच्याही मोबाइलवर एक फोटो आला. लग्नाचा. त्याच्या बहिणीच्या लग्नात तो फेटा बांधून उभा, आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून फायनलमधल्या एका संघाचा कप्तान. कप्तान म्हणजे नवऱ्या मुलाचा चुलतभाऊ. फोटोखाली एक ओळ: "पाव्हण्याला फायनल?" पाठवणाऱ्याचं नाव नाही. नंबर कुणाच्याच ओळखीचा नाही. दुसऱ्या संघाच्या पदाधिकाऱ्यांना विचारलं तर म्हणाले, आमची काही तक्रार नाही, पण तुम्ही बघा काय ते.

पोराने काही लपवलं नव्हतं. आमच्या फॉर्मवर वडील, भाऊ, मुलगा एवढंच विचारलेलं होतं. मेहुण्याचा चुलतभाऊ कुठल्या रकान्यात लिहायचा? समितीत एकाचं मत होतं, निनावी फोटोवर माणूस बदलायचा नाही. दुसरा म्हणाला बदला. माझ्या मतावर आलं. मी म्हणालो, बदला.

का, ते मी आजही तितक्याच ठामपणे सांगतो. समजा शेवटच्या दहा मिनिटांत त्याने त्या कप्तानाच्या संघाला पेनल्टी दिली असती, अगदी शंभर टक्के खरी, तर तो फोटो अर्ध्या तासात सगळ्या गावात फिरला असता. पोराला मैदानातून बाहेर काढायला पोलीस पुरले नसते. आणि संशय जाऊ दे म्हणून त्याने खरी पेनल्टी नाकारली असती तर? ती शक्यता मला जास्त छळत होती. प्रामाणिक माणूस आपला प्रामाणिकपणा दाखवायला जातो तेव्हा उलट्या बाजूला झुकतो. हे मी मैदानावर बघितलंय.

फोन मीच केला. इतर कुणी करणं मला बरं वाटलं नाही. तो म्हणाला, "सर, माझं काय चुकलं?"

"काही नाही."

"मग?"

मी फोटोचं सांगितलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "फोर्थ ऑफिशियल म्हणून तरी ठेवा." मी म्हणालो, ते जमणार नाही, रेफरी जखमी झाला तर शिट्टी तुझ्याकडेच येणार. तेव्हा तो जे बोलला ते मी विसरलेलो नाही: "म्हणजे मी चोरी केली नाही, पण करीन, असं तुम्ही लिहून दिलंत."

मी त्याला समजावलं, हे तुझ्या संरक्षणासाठी आहे. हे खरं होतं. पण बोलतानाच मला कळत होतं की त्याने संरक्षण मागितलं नव्हतं.

फायनल दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका अनुभवी रेफरीने केली. तो चेंडूपासून लांब राहत होता, एक ढळढळीत हँडबॉल त्याच्या नजरेतून सुटला. कप्तानाचा संघ हरला. मैदानावर गडबड झाली नाही, दगड पडला नाही, आणि आमचं अभिनंदन करणारे फोनही आले. खराब रेफरिंगबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, कारण त्या माणसाचं गावात कुणी नातेवाईक नव्हतं.

पुढचं मला नंतर समजलं. गावात बोललं गेलं, काढला म्हणजे काहीतरी असणारच. ज्या संशयापासून त्याला वाचवायचं म्हणून आम्ही त्याला बाजूला केलं, त्या संशयावर आमच्याच पत्राने शिक्का मारला. त्याच्या बहिणीला सासरी ऐकावं लागलं ते वेगळंच. तिथे तर तक्रार उलटी होती: तुझ्या भावाचं नाव पुढे आलं म्हणून आमच्या माथी हा दुसऱ्या जिल्ह्यातला माणूस आला. तो पोरगा आता दुसऱ्या जिल्ह्यात मॅच करतो. भेटला तर नमस्कार करतो, माझ्याशी रेफरिंगबद्दल बोलत नाही.

तुम्ही म्हणता सेटिंग. अहो, सेटिंग असतं तर मी त्याला ठेवला नसता का? आमच्या हातात असलेला सगळ्यात चांगला माणूस आम्ही स्वतःहून घालवला. कुणाला जिंकवण्यासाठी नाही, तुमचा संशय शांत करण्यासाठी. हे म्हणताना माझा आवाज चढतो, हे घरचे मला सांगतात. चढू दे. नेमणूक करणाऱ्यांकडे बोट दाखवणाऱ्यांनी आपला मोबाइलही तपासावा, तो फोटो फॉरवर्ड कुणी केला होता?

पण राग ओसरला की दुसरी बाजूही दिसते. फुटबॉलने सगळीकडे हीच रीत धरली आहे. २०१० च्या विश्वचषकाची फायनल हॉवर्ड वेब यांना मिळाली. इंग्लंड आधीच बाद झालं नसतं तर ती त्यांच्या वाट्याला आली नसती. आपला देश हरला तरच आपण सगळ्यात मोठ्या मैदानावर पोहोचतो, हे प्रत्येक आंतरराष्ट्रीय रेफरी गृहीत धरून चालतो आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही. मग पेठेच्या पातळीवर तो का वाटावा? कदाचित तिथे नियम आधीपासून लिहिलेला असतो म्हणून. फिफा आदल्या रात्री फोटो बघून ठरवत नाही. आमच्याकडे नियम फोटोनंतर तयार झाला. फ्रेंड यांच्या बाबतीतही माझ्या मते तेच झालं: लेस्टरमध्ये ते आधीपासूनच राहत होते, नेमणूक करतानाही पत्ता तोच होता.

आता मी समितीवर नाही. जे आहेत त्यांच्यासमोर मी एक मागणी ठेवली आहे. हरकत नावासकट आणि लेखी आली तरच घ्यायची. नेमणूक जाहीर झाल्यावर ती घ्यायला एक मुदत ठेवायची, त्यानंतर फोटो येवो नाहीतर व्हिडिओ येवो, माणूस बदलायचा नाही. आणि बदलायचाच झाला तर त्याचं म्हणणं आधी ऐकायचं, आणि कारण त्याच्या हातात लेखी द्यायचं. एकाला हे पटलंय. दुसरा म्हणतो, मुदतीनंतर खरोखरच गंभीर काही कळलं तर डोळे मिटून बसायचं का? तिसऱ्याने मला विचारलं, हाच नियम तेव्हा असता आणि फोटो मुदतीनंतर आला असता, तर तुम्ही त्या पोराला त्या गर्दीत उतरवलं असतं का?

उतरवलं असतं, असं मी म्हणालो. घरी येईपर्यंत माझं मत बदललं होतं, आणि त्यानंतरही ते एका जागी राहिलेलं नाही.